राहिला तिथे आयएनजी

मधुसूदन पाठराबे सरांचं इंग्रजीवर प्रेम होतं. इंग्रजीचं त्यांच्यावर होतं की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागलं असतं.

तसे सर मूळचे केमिस्ट्रीवाले. शाळेत नवीन लागले तेव्हा इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या सुट्टीवर गेल्या होत्या. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, "पाठराबे, मॅडम येईपर्यंत सातवीचं इंग्रजी सांभाळून घ्या." मॅडम नवऱ्याच्या बदलीपायी परस्पर भोपाळला गेल्या. ते बाळ आता इंजिनियर झालं म्हणतात, आणि सर अजून सांभाळूनच घेत होते.

केमिस्ट्रीचा माणूस. त्याला कुठेही सोडा, तो फॉर्म्युला शोधतो. सरांनीही इंग्रजीत फॉर्म्युले शोधले आणि जिथे सापडले नाहीत तिथे स्वतः बनवले. त्यातला सर्वात गाजलेला म्हणजे 'राहिला तिथे आयएनजी'.

त्याचं असं आहे, की नागपुरात माणूस नुसता जेवत नाही, तो जेवून राहिला असतो. पाऊस येऊन राहिला असतो, बायको चिडून राहिली असते, आणि "काय करून राहिला बे?" असं कोणी विचारलं तर "काही नाही, बसून राहिलो," असं उत्तर मिळतं. उरलेल्या महाराष्ट्राला हे ऐकून वाटतं, की ही माणसं जाईल तिथे मुक्कामच करतात. पाठराबे सरांना मात्र त्यात चालू वर्तमानकाळ दिसला. 'जाऊन राहिला', इज गोइंग. 'खाऊन राहिला', इज ईटिंग. वाक्यात 'राहिला' दिसला की तो पुसायचा, त्याच्या आधीच्या शब्दाला आयएनजी चिकटवायचं, मध्ये इज घालायचं. खलास. भल्याभल्या पुस्तकांना जे पानोपान जमलं नाही, ते सरांनी तीन शब्दांत बसवलं होतं. पोरं ते पाढ्यासारखं म्हणत.

या शोधाचा सरांना इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तो बायकोलाही सांगितला. भैरवीताई पोळ्या लाटून राहिल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग डब्यात राहिलेल्या पोळीला काय लावता?"

"तू विषय बदलू नको," सर म्हणाले.

विषय खरं तर तोच होता. पण शोध लावणाऱ्या माणसाला त्या दिवशी काही ऐकू येत नसतं.

दुसरा गाजलेला फॉर्म्युला अलंकारांतला. हायपरबोल. म्हणजे अतिशयोक्ती. "हायपर होऊन बोलला, तो हायपर-बोल!" सर टेबलावर थाप मारून सांगत. इंग्रजीतला एक शब्द निम्मा हिंदी निघाला, याचं त्यांना स्वतःलाच फार कौतुक होतं. इंग्रजांनी तो आपल्याकडूनच नेला असावा, असं ते वर्गाला खाजगीत सांगतही असत.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग सिंधूताई रंगारी मॅडम मुख्याध्यापिका झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग भावना गणवीर मॅडम शाळेत लागल्या. भावना मॅडम एम.ए. इंग्रजी. नुसत्या पास झालेल्या नाहीत, शिकलेल्या.

सिंधूताईंनी सरांना ऑफिसात बोलावलं. त्यांची सवय अशी, की वाईट बातमी द्यायची असली की आधी खुर्ची द्यायची.

"बसा ना सर."

सर खुर्चीच्या कडेवर टेकले.

"शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब येऊन राहिले. सहामाहीच्या आधीची उजळणी पाहतील. सातवीची, इंग्रजीची."

"येऊ द्या ना मॅडम."

"येऊनच राहिले, मी नाही म्हटलं तरी. आता स्पष्ट सांगते. तास चांगला झाला तर सातवी तुमचीच. नाही झाला तर सातवीचं इंग्रजी भावना मॅडमकडे, आणि तुम्ही कार्यानुभव घ्या."

कार्यानुभव! म्हणजे जिन्याखालची ती खोली, जिथे पोरं जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटं चिकटवतात आणि फिनाईल बनवतात. आधीचे कार्यानुभवाचे धोंडबा सर रिटायर होऊन गेले, तरी लग्नात भेटले की त्यांच्या आधी फिनाईलचा वास भेटत असे. सरांना स्वतःचं भविष्य डोळ्यांसमोर दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा नाकात गेलं.

आणि सातवी? सातवीवर सरांचा जीव होता. सहावीची पोरं फार लहान, त्यांना विनोद कळत नाही. आठवीच्या पोरांना कळतो, पण ते हसत नाहीत, त्यांना मिशा फुटून राहिल्या असतात. सातवी हा एकच वर्ग असा, जो पाठराबे सरांच्या विनोदाला हसतो. जगात असा दुसरा कुठलाही जमाव नव्हता. सरांनी घरी, पाहुण्यांत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रयत्न करून पाहिला होता.

त्यामुळे सरांनी उजळणी अशी धडाक्यात सुरू केली, की जणू साहेब आत्ताच दाराशी उभे आहेत. दाराशी उभ्या होत्या त्या भावना मॅडम. "सर, मी मागे बसू का? शिकायला मिळेल," असं म्हणून त्या खरंच मागच्या बाकावर बसल्या. सर फुलून गेले. थापा मारून टेबल हलवून सोडलं. हायपर-बोल तर इतकं जोरात झालं, की बाजूच्या वर्गातला भूगोल थांबला.

तास संपल्यावर भावना मॅडम व्हरांड्यात हळूच म्हणाल्या, "सर, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना, बोला."

"तो शब्द हायपर्बली आहे. शेवटी ली."

सरांनी खडूची बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "हो हो. ब्रिटिश लोक तसं म्हणतात."

"अमेरिकनही तसंच म्हणतात सर."

"ऑस्ट्रेलियात?"

"तिथेही."

जगात आता फारसे देश उरले नव्हते. सर म्हणाले, "मी पाहतो एकदा."

घरी गेल्याबरोबर सरांनी चपलाही न काढता मोबाईलला विचारलं. मोबाईलमधली बाई अगदी थंडपणे म्हणाली, "हाय-पर्-ब-ली." सरांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. बाई ठाम होती.

"कोण बाई आहे ती?" आतून भैरवीताई म्हणाल्या.

"डिक्शनरीतली आहे."

"मग ती तुमच्यावर खेकसून काहून राहिली?"

सरांनी सांगितलं. भैरवीताई हात पुसत बाहेर आल्या आणि समोर बसल्या. "इतक्या वर्षांत कोणी टोकलं नाही तुम्हाला?"

"कोण टोकणार? ज्यांनी टोकायचं ते सगळे माझ्याच हाताखालून गेले."

"अरे देवा. म्हणजे अर्ध्या नागपूरला तुम्ही हायपर-बोल करून ठेवलं!"

"अर्ध्या नागपूरला नाही म्हणता येणार," सर कसनुसे म्हणाले. "ते म्हणजे हायपर्बली झालं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द बरोबर उच्चारला होता, तोही बरोबर जागी. ऐकायला फक्त भैरवीताई होत्या आणि त्या हसून हसून आडव्या झाल्या होत्या.

पण सर हरणारे नव्हते. हरलेला माणूस सीताबर्डीच्या बाजारात जाऊन टाय विकत घेत नाही. सरांनी घेतला. फूटपाथवर टांगलेला, लाल, इलॅस्टिकवाला. गाठ आधीच मारलेली असते, आपण फक्त डोकं आत घालायचं. आणि येता येता मेट्रोत उभ्या उभ्या त्यांनी नवा फॉर्म्युलाही तयार केला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फिरून म्हणाले, "हायपर-बळी! बोलण्यात खऱ्याचा बळी गेला, की समजायचं हायपर्बळी!"

पिंकीनं हात वर केला. पिंकी ही सातवीची तोफ. तिच्या शंकांना सर स्वप्नातही टाळत असत.

"सर, पण काल तं बोल होता. आज बळी कसा गेला?"

"भाषा बदलत असते बेटा."

"एका दिवसात?"

"कधी कधी. लिहून घ्या."

"मंग परीक्षेत काय म्हणाचं, सर? बोल का बळी?"

"परीक्षेत म्हणायचं नसतं, लिहायचं असतं. स्पेलिंग तेच आहे," सर म्हणाले आणि या एका मुद्द्यावर तरी आपण खरं बोललो, याचं त्यांना बरं वाटलं.

उदाहरणं मात्र पोरांनी फटाफट दिली. ते त्यांचं आवडीचं काम. रितिका म्हणाली, "सर, धंतोलीत इतके दवाखाने आहेत, की तिथले मच्छर पण अपॉइंटमेंट घेऊन चावतात."

"वा! हायपर्बळी!"

प्रशिक उठला. प्रशिकचे बाबा हिंगण्याला कंपनीत पहिल्या पाळीला जातात. तो म्हणाला, "सर, आमच्या बाबाची गाडी आजोबासारखी आहे. रोज सकाळी आधी खोकलते, मंग उठते."

"सिमाईल! म्हणजे उपमा!" सर ओरडले. हा शब्दही मोबाईलवाल्या बाईला विचारायचा राहून गेला होता, हे तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खोकून वेळ मारून नेली. "सारखी आलं ना? मग झालं. पुढे."

पर्सनिफिकेशनही जमलं. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सनिफिकेशन, हे कळल्यावर वर्गातला पंखा कण्हायला लागला, बाक रुसायला लागलं आणि विहंगचं दप्तर शाळेत यायलाच नाही म्हणायला लागलं.

गाडी अडली ती आयरनीवर. आयरनीला सरांकडे फॉर्म्युला नव्हता.

"हे पाहा," सर म्हणाले, "आपण जे व्हायला पाहिजे म्हणून जिवाचं रान करतो, नेमकं त्याच्या उलटं होतं, ती आयरनी."

"म्हणजे पनौती, सर?"

"नाही बे. पनौती वेगळी. पनौतीत आपण काही केलेलं नसतं. इथे आपणच करून राहिलो असतो."

"मंग उदाहरण द्या ना, सर."

सरांनी पुष्कळ विचार केला. त्यांना एकही उदाहरण सुचलं नाही. शेवटी ते म्हणाले, "जाऊ द्या. साहेब काही आयरनी विचारणार नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा. साहेबांसमोर एकही चूक नको. माझी इज्जत तुमच्या हातात आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी मोठी वस्तू आजवर कोणी त्यांच्या हातात दिली नव्हती.

शुक्रवारी साहेब आले. निंबाळकर साहेब, साताऱ्याकडचे, नागपूरला नुकतेच बदलून आलेले. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर इथल्या उन्हाची तक्रार. सर लाल टाय घालून गेटवरच उभे होते.

"या साहेब, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

"राहिला होता? कुठं?"

"इथेच, साहेब. गेटवर."

"गेटवर राहता?" साहेबांनी चौकीदाराच्या खोलीकडे पाहिलं आणि त्यांच्या नजरेत सरांबद्दल थोडी कणव आली. सर काही सांगणार तेवढ्यात सिंधूताई आल्या आणि साहेबांना वर्गात घेऊन गेल्या. त्या, भावना मॅडम आणि साहेब अशी तीन माणसं मागच्या बाकावर बसली. साहेबांनी हेल्मेट सरांच्या टेबलावर ठेवलं. ते काळं हेल्मेट तास संपेपर्यंत सरांकडे काच वर करून पाहत होतं.

सरांनी खडू उचलला आणि वर्गाला नमस्कार करायला वाकले. टायचं इलॅस्टिक तुटलं. टाय पोटापर्यंत घसरला, शर्टाच्या बटनाला अडकला आणि लोंबकळू लागला.

"सर, टाय पडून राहिला!" रितिका कळवळून ओरडली.

वर्गात खसखस पिकली. साहेबही हसले आणि म्हणाले, "बरं, आता हेच इंग्रजीत कोण सांगेल?"

"सर्स टाय इज फॉलिंग!" अख्खा वर्ग.

"व्हेरी गुड! वा!"

सरांनी सिंधूताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. सरांना वाटलं, अजून दोन-तीन कपडे पडले तरी हरकत नाही, सातवी आपली. जिन्याखालची खोली दूर दूर जाऊन राहिली. टाय खिशात कोंबून ते एकदम मोकळे झाले.

पण मोकळा झालेला माणूस फार बोलतो. सर म्हणाले, "साहेब, तुम्हीच द्या ना वाक्य. कुठलंही द्या. आमचा वर्ग तयार आहे."

साहेब विचार करू लागले. दुपार झाली होती, त्यांना भूक लागलेली दिसत होती. त्यांनी जे मनात होतं तेच वाक्य दिलं.

"आज माझा डबा घरी राहिला."

वर्गाचे डोळे चमकले. राहिला! आला होता, त्यांचा राहिला आला होता. प्रशिक तर बाकावर चढायचाच बाकी होता.

"सर, मी! सर, मी! टुडे माय टिफिन इज होमिंग!"

वर्गात फक्त पंखा कण्हला.

"काय?" साहेब म्हणाले.

"होमिंग, सर. घरी राहिला, होमिंग."

साहेबांना वाटलं, एखाद्या पोराचं चुकत असेल. ते समजुतीनं म्हणाले, "बस बाळ. दुसरं देतो. आमच्याकडे पाहुणे दोन दिवस राहिले."

"गेस्ट्स आर टू-डेइंग!" पिंकी. आर लावल्याबद्दल तिने शाबासकीच्या आशेनं सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे पाहत होते. भिंतीत एखादं दार असतं तर बरं झालं असतं.

"बरं," साहेब जिद्दीला पेटले, "त्याचा भाऊ गणितात राहिला."

"हिज ब्रदर इज मॅथ्सिंग!" हे सगळ्यांनी मिळून सांगितलं. विहंगनंसुद्धा, ज्याचा भाऊ खरंच गणितात राहिला होता.

सरांच्या कानात भैरवीताई पोळ्या लाटून राहिल्या होत्या. डब्यात राहिलेल्या पोळीला काय लावता? पोळीला त्यांनी काहीच लावलं नव्हतं, आणि ती आज सगळ्यांसमोर वाढली जाऊन राहिली होती. इतक्या वर्षांत त्यांनी वर्गाला जी वाक्यं दिली, ती सगळी स्वतः बनवलेली होती. त्यात कधी कुणाचा डबा घरी राहिला नव्हता, पाहुणे मुक्कामाला आले नव्हते, कोणी नापास झालं नव्हतं. सरांच्या इंग्रजीत लोक फक्त खाऊन आणि जाऊन राहिले होते.

साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं रे?"

असा प्रश्न आला की पोरं साधारणतः मान खाली घालतात. पण या पोरांच्या हातात सरांची इज्जत होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरली.

"पाठराबे सरांनी!" सगळी बोटं एका दिशेला. आणि मग, कोणी न सांगता, पाढ्याच्या चालीत: "राहिला तिथे आयएनजी! राहिला तिथे आयएनजी!"

सिंधूताईंनी डोळे मिटले. भावना मॅडमनी वहीत तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडून राहिल्या की हसून, हे सरांना समोरून कळत नव्हतं. सरांना फिनाईलचा वास यायला लागला.

"म्हणजे माझा डबा घरी... होमिंग," साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांना आता हसूही येत होतं आणि ते दाबताही येत नव्हतं. "अरे, पण डबा कसा होमिंग करेल? डब्याला काय घर असतं?"

पिंकी उठली. तिला हात वर करायचंही भान राहिलं नाही.

"काहून नाही असत, सर? डबा माणसासारखा घरी थांबला. त्याले यायचंच नव्हतं. पर्सनिफिकेशन आहे ते!"

साहेब थांबले. "परत सांग."

"पर्सनिफिकेशन, सर. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते."

"आणि तुमच्या सरांनी शिकवलं हेही?"

"हो सर. ते पण."

साहेब उठून पुढे आले. टेबलाला टेकले. "बरं मग. भूक लागून माझ्या पोटात हत्ती नाचून..." ते अडखळले, "नाचून राहिलेत. हे काय?"

"हायपर्बळी!" वर्ग म्हणाला. एका कोपऱ्यातून "हायपर-बोल" आलं आणि लगेच त्याला कोणीतरी कोपरानं गप्प केलं.

"हायपर्बळी का?"

"खऱ्याचा बळी गेला, सर," रितिका म्हणाली. "हत्ती पोटात मावत नाही."

साहेब सुटलेच. सिमाईल झाली, तिची भावना मॅडमनी मागून खोकून सिमिली केली, पण साहेबांचं लक्ष नव्हतं. ते हिंगण्याच्या खोकलणाऱ्या गाडीवर हसत होते. धंतोलीचे मच्छर ऐकून त्यांनी डोळे पुसले. आणि मग, सर नको नको म्हणत होते मनात, तरी त्यांनी विचारलंच.

"आयरनी? आयरनीचं उदाहरण कोण देईल?"

सर्वांनी सरांकडे पाहिलं. सरांकडे नव्हतंच. प्रशिक हळूहळू उभा राहिला. होमिंगपासून तो जरा जपून होता.

"सर, राग तं नाही येणार ना?"

"मला का येईल?" साहेब म्हणाले.

"तुमाले नाही, सर. सरांले विचारून राहिलो."

पाठराबे सरांनी मान हलवली. आता जायला काही उरलंच नव्हतं.

"पाहा ना सर, चार दिवस झाले सर आमाले सांगून राहिले, साहेबासमोर एकही चूक करू नका. आमी नाही केली. सरांनी सांगतलं तसंच्या तसं सांगतलं. आन् साहेबासमोर सर्वात मोठी चूक सरांचीच निघाली." तो थांबला, मग सरांकडे वळून म्हणाला, "ही आयरनी झाली ना, सर?"

वर्गात कोणी हसलं नाही. पोरं उत्तराची वाट पाहून राहिली होती, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगणं सरांचं काम होतं. सरांनी टायकडे हात नेला. टाय खिशात होता.

"हो," ते म्हणाले. "शंभर टक्के. याच्यापेक्षा बरोबर उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं."

आणि प्रशिकनं बाकावर थाप मारली, अगदी सर मारतात तशी. मग सगळे हसले. साहेब, सिंधूताई, भावना मॅडम, पोरं. सर स्वतःही हसले. आपल्याच विनोदाला इतका मोठा जमाव हसल्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. विनोद आपल्यावरच आहे, एवढी बारीक खोट त्यांनी चालवून घेतली.

तास संपला. व्हरांड्यात साहेबांनी सिंधूताईंना काहीतरी सांगितलं आणि ते पायऱ्या उतरून गेले. सिंधूताई सरांकडे वळल्या. या वेळी आजूबाजूला खुर्ची नव्हती. सरांना थोडी आशा वाटली.

"ग्रामर भावना मॅडमकडे."

"बरोबर आहे, मॅडम."

"अलंकार आणि कविता तुमच्याकडेच राहतील. साहेबच म्हणाले, पोरांना समजून राहिलं आहे, तोडू नका."

"मॅडम!"

"थांबा. ग्रामरच्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसायचं."

"निरीक्षक म्हणून?"

"विद्यार्थी म्हणून. आणि कार्यानुभव पण घ्या. दिवाळीची पाकिटं चिकटवायची राहिली आहेत."

"राहिली" ऐकून सरांच्या डोक्यात आपोआप काहीतरी चिकटायला लागलं. त्यांनी ते मोठ्या कष्टानं थांबवलं.

भावना मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तो फॉर्म्युला वाईट नाही. नुसतं एवढं सांगायचं, की 'राहिला'च्या आधी 'ऊन' पाहिजे. जाऊन, खाऊन, करून. ऊन असेल तर आयएनजी."

सर पाहतच राहिले. "ऊन असेल तर आयएनजी," ते पुटपुटले. "मॅडम, नागपूरला तर बाराही महिने ऊन असते!"

भावना मॅडम हसल्या. सातवीनंतर सरांच्या विनोदाला हसणारं पहिलं मोठं माणूस. मघाशी कळलं नव्हतं ते सरांना आता कळलं: त्या वर्गात हसूनच राहिल्या होत्या.

इतक्यात वर्गाच्या खिडकीतून पिंकी ओरडली, "सर! साहेबाचं हेल्मेट राहिलं!"

"हेल्मेट इज टेबलिंग!" मागून कोरस आला. सरांनी कपाळावर हात मारला, टेबलावरून हेल्मेट उचललं आणि पळत सुटले. साहेबांनी गाडीला किक मारलीच होती.

"साहेब, तुमचं हे राहिलं होतं!"

साहेबांनी हेल्मेट घेतलं आणि गंभीर चेहरा करून विचारलं, "इंग्रजीत?"

सरांच्या घशापर्यंत टेबलिंग आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "ऊन नाही आहे साहेब यात. वॉज लेफ्ट."

"शाबास," साहेब म्हणाले. हेल्मेट चढवून त्यांनी काच खाली केली, आणि आतून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, या वेळी न अडखळता नागपुरी बोलायची हिंमत केली. "बरं, निघून राहिलो मी."

गाडी कोपऱ्यावरून वळली. सर गेटमध्येच थबकले. लाल टायचं टोक खिशातून बाहेर लोंबत होतं, दुपारचं ऊन डोक्यावर चढून राहिलं होतं, पण आत सातवीचा अर्धा भाग अजून त्यांचा होता.

"सर गेटवरच राहिले!" खिडकीतून प्रशिक ओरडला.

"सर इज गेटिंग!" अख्खा वर्ग.

"ऊन कुठे आहे बे त्याच्यात?" सर तिथूनच ओरडले. "ऊन पाहा आधी, ऊन!"

पोरांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या आणि आभाळाकडे पाहिलं.